जेवणाची सुट्टी

मुलगा म्हणून जन्मलेली नर्स जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणार, तोच मेट्रनबाईंनी नव्या नर्सना तिच्या टेबलावर धाडलं. “हिलाच विचारा. लाजायचं काय त्यात!” “एक विचारू? रागावू नका हं,” एकीनं सुरुवात केली. मग ऑपरेशन, लग्न, जुनं नाव, सगळं उकरून झालं. “आज राहू द्या, भूक लागलीय,” ती म्हणाली, तसा मेट्रनबाईंचा चेहरा पडला. “अगं, तूच सांगितलं नाहीस तर आम्हाला कळणार कसं?” नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळालेली. ती हसत सांगत राहिली. संध्याकाळी आईनं डब्याच्या वजनावरूनच ओळखलं. “आजही तसाच? जेवूसुद्धा देत नाहीत मेल्या!” तिनं डबा गरम करून लेकीपुढे ठेवला, पाठीवरून हात फिरवला. लेकीनं पहिला घास उचलला. आई चाचरत म्हणाली, “एक विचारू? रागावू नकोस हं.” लेकीनं घास परत डब्यात ठेवला.