लाल नखाची मुलगी

सुगंधाने लेकीची करंगळी पुढे केली. नख लाल होतं. जन्मल्या दिवशीच रक्ततपासणीत कळलं होतं, की डांग्या खोकल्याची लस टोचली तर ही वाचणार नाही. दहा हजारांत असं एखादंच मूल. अशांच्या नखाला लाल शाई, लस घेतलेल्यांच्या नखाला काळी. आणि लाल नख अंगणवाडीत बसवायचं तर भोवती सगळी काळीच हवीत, असा कायदा.

"बाई, तीन अंगणवाड्या फिरून आले. कुठे ना कुठे एखादं कोरं नख निघतंच."

या चौथ्या अंगणवाडीच्या शेवंताबाईंनी पोरांना हात पुढे करायला लावले. एकोणीस नखं, सगळी काळी. सुगंधाचे डोळे भरून आले. "तुमच्यामुळे माझी पोर चार पोरांत खेळेल."

गावात लस टोचायच्या त्याही शेवंताबाईच. दोन दिवस ताप येतो म्हणून त्यांच्याच मुलीने नातवाला टोचू दिलं नाही, तेव्हा एका पोराने काय बिघडतंय, म्हणत त्यांनी नुसती शाई लावली होती. मग शेजारणीही तेच मागायला आल्या. त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

आताही त्यांनी मुकाट हजेरीपटात मुलीचं नाव चढवलं. सुगंधा निश्चिंत मनाने निघून गेली. नातवाने त्या मुलीचा हात धरला आणि तिला खेळायला नेलं. तो सकाळपासून खोकत होता.