बदरुद्दीनची हजेरी

रांगेत कासमच्या पुढे आता तीनच माणसं उरली होती, आणि टेबलाशी बसलेला खासदार त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. सगळा घोळ तिथेच होता.

कुवेतच्या जलीब वस्तीतल्या शाळेच्या पटांगणात सकाळपासून नावनोंदणी चालली होती. इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसून महिना उलटला होता. यादीत नाव लागेल त्याला बसराकडे जाणाऱ्या बसमध्ये जागा, तिथून पुढे घर. ज्याचं लागणार नाही त्याचं काय, ते अल्लालाच ठाऊक. दिल्लीहून आलेल्या मंडळींत हे घागसाहेब होते. खासदार होण्याआधी ते घाग गुरुजी होते, आणि खाडीकाठच्या त्यांच्या एकशिक्षकी शाळेत कासमने चार वर्षं छड्या खाल्ल्या होत्या.

कासमच्या हातातल्या पासपोर्टावर नाव होतं बदरुद्दीन. त्याच्या थोरल्या भावाचं. अकरा वर्षांपूर्वी व्हिसा आला तो बदरुद्दीनचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्या गृहस्थाने ‘आपला समुद्रच बरा’ म्हणून अंग काढून घेतलं. व्हिसा फुकट जाऊ नये म्हणून एजंटाने फोटो बदलला आणि कासम विमानात बसला. तेव्हापासून कुवेतच्या राई भागातल्या गॅरेजात तो बदरुद्दीनच होता. बायकोच्या पासपोर्टावरही नवऱ्याचं नाव तेच.

“तुमी उगाच घाबरताव,” खतिजा मागून पुटपुटली. “बावीस वर्षं झाली. गुरुजींना काय आठवतंय!”

“इलेक्शनला ते आपल्या ओटीवर बसून च्या पिऊन गेले. भावाबरोबर. पत्रात लिवलंय ना त्याने?” कासम दबक्या आवाजात म्हणाला. “खरा बदरुद्दीन कुठं हाय, ते त्यांना पक्कं ठावं हाय.”

खतिजाने ओढणी घट्ट धरली.

कासमच्या मनात पाल चुकचुकत होती. मतं मागायला कोणीही दारात येतं. पण लढाईच्या तोंडी, असल्या उन्हात, पुढारी उगाच तंगड्या तोडत येत नाही. एखादा खोटा पासपोर्टवाला पकडून दिला, की पेपरात फोटोसकट नाव. शिवाय गुरुजींना खोटं मुळात खपत नसे. शाळेत खोटं बोलणाऱ्याला ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं करत, आणि संध्याकाळी घरी येऊन बापालाही सांगत. खुर्ची मिळाली की माणूस बदलतो म्हणतात. चांगला बदलतो, असं मात्र कासमने कुठे ऐकलं नव्हतं.

टेबलाशी आवाज चढला. पुढचा माणूस स्वतःला दाभोळचा म्हणवत होता, आणि त्याच्याकडे कागद एकही नव्हता.

“दाभोळहून खाडीपलीकडे कसे जाता?” गुरुजींनी विचारलं.

“रिक्षाने.”

“हा आपल्याकडचा नव्हे,” गुरुजी म्हणाले. एवढंच. शेजारी बसलेल्या उदयने नावावर रेघ मारली. उदय इथल्याच जाब्रिया भागात एका दवाखान्यात तंत्रज्ञ होता आणि महिनाभर या याद्या करून करून त्याची नजर कसायासारखी झाली होती. तो माणूस हात जोडत बाजूला झाला.

गुरुजींनी मान खाली ठेवूनच पुढचं नाव वाचलं, “बदरुद्दीन.”

“हजर!”

कासमने जीभ चावली. साधं ‘हो’ म्हणायचं सोडून हे काय निघालं तोंडातून! आणि तेही त्या आवाजात. घोगऱ्या, जाड, मुद्दाम काढलेल्या. शाळेच्या दिवसांत थोरला पहाटेच बापाबरोबर होडीवर जाई, आणि पटावर त्याचं नाव आलं की कासम अस्साच आवाज काढून ‘हजर’ म्हणे. मग स्वतःचं नाव आलं की स्वतःच्या आवाजात. पोरं फिदीफिदी हसत; गुरुजी मान वर न करता खूण करून पुढे जात. आपण गुरुजींना चार वर्षं बनवलं, ही गोष्ट तो खतिजाला अजून रंगवून सांगायचा.

गुरुजींचं पेन थांबलं होतं.

उदयने कासमच्या हातातला पासपोर्ट घेऊन उजेडात तिरका धरला. “सर, फोटोवरचा शिक्का जुळत नाहीये. मला हा माणूस गडबडीचा वाटतो. तुमच्याच भागातला आहे, ओळखता का?”

गुरुजींनी पासपोर्ट घेतला. फोटो पाहिला, नाव पाहिलं, मग चष्म्यावरून कासमकडे पाहिलं. बराच वेळ. तीच नजर. कासमचे पाय आपोआप जुळले आणि हात पाठीमागे गेले.

“आणि कासम?” गुरुजींनी विचारलं. “तो काय म्हणतो?”

हा सापळाच होता. चूक कबूल करायला लावून मग छडी उगारायची, ही गुरुजींची जुनी रीत. कासमने मागे पाहिलं. खतिजाचे ओठ पांढरे पडले होते.

“घरी जायचं म्हणतो, गुरुजी,” तो म्हणाला. या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता.

गुरुजींनी पासपोर्ट मिटून त्याच्या हातात दिला आणि यादीवर खूण केली.

“चांगला ओळखतो याला,” ते उदयला म्हणाले. “चार वर्षं माझ्या शाळेत होता. मी बदरुद्दीनचं नाव घेतलं आणि ‘हजर’ आलं नाही, असा एक दिवस गेला नाही.”