जेवत्या ताटावरून

"कुत्रं माजलंय! सुधारत नसेल तर सोडून या लांब कुठंतरी," पट्टी बांधलेला हात नाचवत आजोबा गरजले.

कुत्र्याला वळण लावायला घरी आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "चावला तेव्हा काय करत होता?"

"खात होता. मी भांडं ओढून घेतलं. रोजच घेतो. मालक कोण, ते कळायला नको?"

"काका, खाता खाता पुढ्यातलं ओढून घेतलं तर कोण गप्प बसेल? इतके दिवस नुसता गुरगुरला, हेच नशीब समजा. भांडं ओढणं थांबवा, चावणं थांबेल."

दाराशी उभ्या असलेल्या आजींनी ते ऐकलं.

दुपारी त्या जेवायला बसल्या. दुसरा घास हातात होता, तोच आजोबांनी नेहमीसारखं त्यांचं ताट बाजूला सरकवलं. "नंतर गिळ. आधी माझा चष्मा शोधून दे."

आजींनी ताट खसकन पुढ्यात ओढलं आणि त्यावर हात आडवा धरला.

"हात मागे घ्या," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं मी साधी गुरगुरलेसुद्धा नाही."