खोटा डॉक्टर

मनगटावरच्या पट्ट्यातून हाक दिली की डॉक्टर घरी यायचे. परवा अण्णांनी अकरा हाका दिल्या, कुणीच आलं नाही आणि अण्णा गेले.

त्यांची मुलगी उज्ज्वला पट्ट्याच्या कंपनीत अभियंता सरपोतदारांसमोर उभी राहिली.

"चाचणी चालू होती," ते म्हणाले. "हाका मध्येच अडवून आम्ही खोट्या डॉक्टरकडे, म्हणजे ठरलेलं उत्तर देणाऱ्या एका प्रोग्रॅमकडे, वळवत होतो. खऱ्या घरांतच तपासावं लागतं, ताई."

"तो काय म्हणाला?"

"निघालोय, असं. अकराही वेळा."

"म्हणून ते शेजाऱ्यांकडे गेले नाहीत. वाट बघत बसले."

टेबलावर सरपोतदारांच्या सहीसाठी ठेवलेल्या चाचणीच्या अहवालावर 'यशस्वी' असा शेरा होता. उज्ज्वलानं तो शेरा कागद फाटेपर्यंत खोडला आणि खाली अण्णांचं पूर्ण नाव ठळक लिहिलं : गजानन विष्णू केळुसकर, मृत.

"आता करा सही," ती म्हणाली.