न बसणारा फेस

प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून धाकट्या बहिणीची नेमणूक झाल्यापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं.

दुपारी धाकटीने नदीच्या पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली. "ताई, साबणाचं सांडपाणी आणि मैला बंधाऱ्यावरून आपटला की फेस येतोच. पण हा तीन दिवस झाले तरी बसलेला नाही."

"तुझं सगळंच जगावेगळं," थोरली म्हणाली. फेस बोटभर वर चढला.

ही नसतीच तर, असं तिच्या मनात आलं आणि फेस झाकणाला टेकला.

तिने घाईघाईने बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

"ताई," मागून धाकटी म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या घशातच बुडबुडला. तिच्या ओठांवर पांढरा फेस आला होता.

थोरली तिच्याविषयी काहीतरी चांगलं आठवायची धडपड करू लागली. फेस वाढतच राहिला.