सोळावा सोमवार

भंवरला पोचवून नंदकिशोर परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाहेरच्या नळावरच त्यांनी दोन बादल्या अंगावर घेतल्या. डोकं पुसता पुसता सांगू लागले. सगळं गाव लोटलं होतं. फौजेच्या गाडीतून पेटी आली, पण उघडू दिली नाही. दोन हजार दोन साल उजाडलं तरी लढाईला तोंड फुटलं नव्हतं. सीमेवर सुरुंग पेरतानाच पोरगा गेला.

भंवर म्हणजे त्यांच्या बँकेतल्या चपराश्याचा, घीसाजींचा मुलगा. सीतापुऱ्याच्याही पुढच्या या परमुलखातल्या गावात साहेबांच्या घरी पाणी घीसाजीच भरायचे. त्यांचा कप खिडकीत वेगळा असे.

मधुमतीनं ऐकलं, हळहळली आणि पुन्हा पूजेच्या तयारीला लागली. मैत्रेयीचा आज सोळावा सोमवार. येत्या रविवारी आदर्श नगरहून विम्याच्या साहेबांचा मुलगा तिला बघायला येणार होता. पोरीला महादेव पावला, असं नागपूरला मावशीला कळवूनही झालं होतं. मधुमतीनं समई लावली, चुरम्याचं पातेलं पुढं ठेवलं आणि लेकीला हाक मारली.

मैत्रेयी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"मी देवाला शिवणार नाही, आई."

अडचण आली का, असं मधुमतीनं हळूच विचारलं. मैत्रेयीनं नकारार्थी मान हलवली.

"सुतक आहे."

मधुमतीला हसूच आलं. घीसाजी देवमाणूस, त्यांच्यावर डोंगर कोसळला, सगळं खरं. पण चपराश्याच्या घरचं सुतक साहेबाच्या घरात कसं शिरेल? सुतक नात्याला असतं, वेडे, असं तिनं समजावलं.

"ठाऊक आहे," मैत्रेयी म्हणाली. "सोमवार त्याच्यासाठीच धरले होते. सुखरूप परत यावा म्हणून."

"हळू बोल. बाबा आहेत."

निवडलेलं बेलाचं पान मधुमतीच्या हातात तसंच राहिलं. सुट्टीवर आला की बापाच्या बदली भंवर पाणी भरायला यायचा. गेल्यावर खिडकीत त्या कपाशेजारी ओंजळभर बोरं असायची. घीसाजींनी ठेवली म्हणून तिनंच ती कौतुकानं धुऊन घरात वाटली होती.

मग तिनं फुलानं समई शांत केली, देव्हाऱ्याचं दार ओढलं, चुरमा झाकून वर फळीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

पानं वाढली तेव्हा नंदकिशोर ताटाकडे बघतच राहिले.

"आज पिठलं-भात? अगं, हा तर आपल्याकडे मयताच्या घरी पोचवतात."

मधुमती मैत्रेयीच्या ताटातला भात कालवत होती, लहानपणी कालवून द्यायची तसा.