चकचकीत हौद

हौद चकचकीत झाला होता. तळाच्या फरशा दिसत होत्या. बुरशीबाईंनी आत डोकावून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना बुरशीबाईच म्हणत. लाकडाच्या ढलप्यांवर सायीसारखी जाड, पांढरी बुरशी त्यांनी वर्षभर खपून वाढवली होती. रंगाचं विषारी सांडपाणी एका तोंडाने हौदात शिरायचं, बुरशी त्यातला रंग फस्त करायची, आणि दुसऱ्या तोंडाने स्वच्छ पाणी बाहेर पडायचं. बाई रोज त्या पाण्यात एक पांढरं फडकं बुडवून तारेवर वाळत घालत. सुरुवातीची फडकी लालभडक होती, मधली गुलाबी, अलीकडची पांढरी. आज तपासणी होती. मंजुरी मिळाली की उद्यापासून हे पाणी थेट खालच्या ओढ्यात जाणार होतं, आणि ओढ्याकाठी बाईंची धाकटी बहीण लेकराबाळांसह राहत होती.

"कसा दिसतोय?" मागून जावईबापू आले. मालकांच्या मुलीशी लग्न, ही त्यांची एकमेव पदवी. "काल माणसं लावून घासून घेतला. ब्लीचिंग पावडर टाकून. काय ती घाण साचली होती! पाहुण्यांसमोर अब्रूच गेली असती."

"ती बुरशी होती, साहेब."

"तेच म्हणतोय मी. भिंतीला आली तरी लोक खरवडून काढतात, आणि तुम्ही पाळत बसलात!"

"पाणी तीच साफ करत होती."

जावईबापूंचा चेहरा कोरा झाला. तसा तो नेहमीच असायचा. मग ते हसले. "मग दुसरी टाका की. मागवा चार-पाच किलो कुठून तरी. तोवर रंगाचं पाणी बंद, हौद नळाच्या पाण्याने भरतो. आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही. नोकरी टिकवायचीय ना?"

बाई तारेवरची फडकी सरळ करू लागल्या.

तपासणीच्या मॅडम आल्या. हौदातलं पाणी नितळ होतं. "आमची बुरशी इतकी बारीक असते, मॅडम, की डोळ्यांना दिसतच नाही," जावईबापूंनी ठोकून दिलं. मॅडमनी मान डोलावली आणि सहीसाठी पेन काढलं. शिकलेल्या बाईने यावर मान डोलवावी! बुरशीबाईंना दोघांचीही सारखीच किळस आली.

तेवढ्यात मॅडमची नजर तारेवर गेली. "ही फडकी कसली?"

बाईंनी सांगितलं.

"अरे वा! मग आजचं कुठंय?"

"आजचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "साहेब, तुमचा रुमाल द्या जरा."

नळाच्याच पाण्यात तर बुडवायचा होता. जावईबापूंनी खिशातून पांढराशुभ्र, इस्त्रीचा रुमाल काढला आणि ऐटीत पुढे केला.

बाई रुमाल घेऊन आधी हौदाच्या वरच्या तोंडाशी गेल्या. नोकरी गेली तर गेली. त्यांनी रंगाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

"अहो, काय करताय?" जावईबापू ओरडले.

"रोज करते तेच."

हौद अरुंद होता. लाल पाणी नळाच्या पाण्याला पुढे ढकलत बघता बघता पलीकडे पोचलं आणि जसंच्या तसं लाल बाहेर पडू लागलं. बाईंनी त्यात रुमाल बुडवला, पिळला आणि पांढऱ्या फडक्यांच्या शेजारी तारेवर टाकला. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

रुमालातून खाली लाल थेंब पडत होते. तो काढून घ्यायला जावईबापूंनी घाईघाईने हात पुढे केला. मग आपली बोटं रंगतील म्हणून मागे घेतला.